अंधारात ठेवलेले भडक रंग

माझ्या संग्रहातली सगळ्यात भडक चित्रं मी सपाट खणांच्या कपाटात ठेवते, अंधारात. पाहायला आलेल्यांना याचं नवल वाटतं. एवढा झगझगीत गुलाबी, एवढा किंचाळणारा नारिंगी, आणि तो पाहायचा तर आधी खण ओढायचा, वरचा पातळ कागद उचलायचा, मग वाकून बघायचं! पण तो गुलाबी तसाच राहावा म्हणून तर हा सगळा खटाटोप. फ्लुरोसंट रंग उजेडावर जगतो आणि उजेडानेच मरतो.

साधा लाल रंग काय करतो, तर त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला लाल भाग परत पाठवतो आणि बाकीचा गिळून टाकतो. फ्लुरोसंट लाल गिळलेल्यातलंही थोडं परत करतो. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि निळा-जांभळा प्रकाश तो शोषतो आणि स्वतःच्या रंगात बाहेर टाकतो. त्यामुळे त्या रंगाचा जेवढा प्रकाश त्याच्यावर पडला असेल, त्याहून जास्त त्याच्यातून निघतो. शेजारचे रंग त्याच्यापुढे मेलेले वाटतात ते यामुळे. मात्र हे काम करणारे रेणू ते करता करताच मोडत जातात. आधी चमक जाते, मग रंगही जातो, आणि शेवटी कागदावर एक फिकट, ओशाळलेला डाग राहतो.

गंमत म्हणजे या रंगांचा जन्मही अंधारातलाच आहे. १९३३ मध्ये रॉबर्ट स्विट्झर नावाच्या अमेरिकन तरुणाला कामावर अपघात झाला, डोक्याला मार लागला आणि नजर अधू झाली. डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत राहायला सांगितलं. त्याचा भाऊ जोसेफ हौशी जादूगार होता. दोघांनी बर्कलीतल्या वडिलांच्या औषधांच्या दुकानात अतिनील दिवा नेऊन कुठल्या बाटल्या चमकतात ते शोधायला सुरुवात केली. जोसेफला ते जादूच्या प्रयोगांसाठी हवं होतं. त्यातून पुढे दिवसाउजेडी चमकणारे रंग तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात विमानातून दिसावेत म्हणून जमिनीवर अंथरायच्या कापडी फलकांवर ते वापरले गेले, आणि नंतर ‘डे-ग्लो’ या नावाने जाहिरातींत, खोक्यांवर, भिंतींवर पसरले. जादू, युद्ध आणि जाहिरात अशा तिन्ही घरचं पाणी प्यायलेला रंग साठच्या दशकातल्या चित्रकारांच्या हाती लागला. अँडी वॉरहॉलने १९६४ मधल्या फुलांच्या चित्रांत तो वापरला, फ्रँक स्टेलाने मोठमोठ्या कॅनव्हासांवर.

सायकेडेलिक पॉप आर्ट, म्हणजे साठच्या दशकात रुजलेली, नशेतल्या भासांसारखी भडक आणि जाहिराती-मासिकांतून उचललेली कला, जमवते म्हटलं की दोन प्रश्न ठरलेले. तुम्ही कधी ‘तसलं’ काही घेतलंय का? नाही. आणि डोकं नाही दुखत? दुखतं, अधूनमधून. भाच्याने तर सरळ सांगून टाकलंय, “आत्या, या भिंतीसमोर बसून अभ्यास होणार नाही.” त्याचं बरोबर आहे. ही चित्रं तुम्हाला दुसरं काही करू द्यायला तयार नसतात. मला ती आवडतात त्याचं निम्मं कारण तेच.

डोळ्यांना होणारा तो त्रास अपघाताने झालेला नाही, तो नीट शिकून केलेला आहे. साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत संगीताच्या कार्यक्रमांची पोस्टर्स करणाऱ्यांपैकी व्हिक्टर मॉस्कोसो येल विद्यापीठात योझेफ आल्बर्सच्या हाताखाली शिकलेला. रंगाशेजारी रंग ठेवला की दोघेही बदलतात, हे आल्बर्स आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षं चौकोनांत चौकोन रंगवून दाखवत राहिला. मॉस्कोसोने ते ज्ञान उलटं फिरवलं. पोस्टर दुरून वाचता आलं पाहिजे, रंग एकमेकांशी भांडता कामा नयेत, अक्षर स्वच्छ हवं, असे शाळेत शिकवलेले सगळे नियम त्याने मोडायला घेतले. उजळपणात सारखेच पण जातीने विरुद्ध असे दोन रंग, समजा लाल आणि हिरवट निळा, त्याने कडेला कड लावून ठेवले. मेंदूचा जो भाग वस्तू कुठे आहे आणि हलते आहे का हे ठरवतो, तो रंगाकडे फारसं लक्ष देत नाही, उजळपणातल्या फरकावर चालतो. तो फरकच काढून घेतला की कड नक्की कुठे आहे हे त्याला ठरवता येत नाही आणि अक्षरं जागच्या जागी थरथरू लागतात. शाई मात्र कागदावर निवांत पडलेली असते.

वेस विल्सनने दुसऱ्या बाजूने हल्ला केला. व्हिएन्नातल्या आल्फ्रेड रोलर या चित्रकाराची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची फुगीर, एकमेकांत घट्ट बसणारी अक्षरं त्याने उचलली आणि ती ज्वाळांसारखी वितळवली. कार्यक्रम कुठे, कधी, कोणाचा हे कळायला पोस्टरसमोर उभं राहावं लागे. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला थांबवायचं तर त्याला सहज वाचू द्यायचं नाही! जाहिरातीच्या कुठल्याही अभ्यासक्रमात हा माणूस नापास झाला असता.

१९६६-६७ मध्ये फिलमोर आणि अॅव्हलॉन बॉलरूम इथल्या संगीताच्या कार्यक्रमांसाठी ही पोस्टर्स निघत. खांबांवर, दुकानांच्या काचांवर लागत आणि लोक ती काढून घरी नेत. कार्यक्रमाहून परतणाऱ्यांना फुकटही वाटली जात. आज लिलावात काचेआड जाणारी वस्तू मुळात कुणीतरी खांबावरून ओरबाडून आणलेली असू शकते. मला जुन्या पोस्टरच्या कोपऱ्यातली टाचणीची भोकं खटकत नाहीत, उलट ती असली की बरं वाटतं. ते पोस्टर आपलं काम करून आलेलं असतं.

स्टॅन्ली माउस आणि अॅल्टन केली यांचं ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडसाठीचं १९६६ मधलं पोस्टर, गुलाबांचा मुकुट घातलेला सांगाडा, बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. तो सांगाडा त्यांचा नव्हे. एडमंड सुलिव्हन या इंग्रज चित्रकाराने उमर खय्यामच्या रुबायांसाठी तो काढला होता. या दोघांना तो ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात सापडला, त्यांनी उचलला आणि रंगवला. याला चोरी म्हणा हवं तर. पण या चित्रपरंपरेत उचलणं हीच मूळ क्रिया आहे. कापा, उचला, चिकटवा, वर रंग ओता. मिश्र माध्यमाचा, म्हणजे एकाच चित्रात रंग, कागद, कापड, वस्तू असं सगळं आणण्याचा, उगम याच सवयीत आहे.

ती सवय पोस्टरांहून जुनी. ब्रिटनचा एदुआर्दो पाओलोत्सी १९४७ मध्येच अमेरिकन मासिकांतल्या जाहिराती कापून पुठ्ठ्यावर चिकटवत होता. एका तुकड्यात पिस्तुलाच्या धुरातून ‘पॉप’ ही अक्षरं बाहेर पडताना दिसतात. १९५६ मध्ये रिचर्ड हॅमिल्टनने व्हाइटचॅपल गॅलरीतल्या प्रदर्शनासाठी तो प्रसिद्ध छोटा कोलाज केला. त्यातल्या बलदंड पुरुषाच्या हातात टेनिसच्या रॅकेटएवढी लॉलीपॉप आहे आणि तिच्यावरही ‘पॉप’च लिहिलंय. हा कोलाज प्रत्यक्षात एका साध्या कागदाहून फार मोठा नाही. पुस्तकांत पाहून तो भिंतभर असेल असं वाटत राहतं.

मग अमेरिकेत रॉबर्ट रॉशेनबर्गने चिकटवण्याची हद्दच मोडली. टायरमध्ये अडकवलेला अंगोरा बोकड, रंग फासलेली गोधडी, उशी, आरसा, बटणं. त्याच्या ‘कॅनियन’ या १९५९ मधल्या कामाची गोष्ट मी मिश्र माध्यमाच्या नादी लागणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. त्या कॅनव्हासमधून एक पेंढा भरलेला गरुड पंख पसरून बाहेर आलेला आहे. अमेरिकेत गरुड, जिवंत असो वा मेलेला, विकायला कायद्याने बंदी आहे. गॅलरीवाल्या इलिआना सोनाबेंड यांच्याकडे हे काम होतं. २००७ मध्ये त्या गेल्यावर वारसांच्या मूल्यमापकांनी सांगितलं, याची बाजारात किंमत शून्य, कारण ते विकताच येत नाही. करखात्याने सांगितलं, किंमत साडेसहा कोटी डॉलर, आणि त्यावर जवळपास तीन कोटी डॉलरचा कर भरा. विकलं तर तुरुंग, न विकलं तर कर! २०१२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला देऊन टाकलं तेव्हा कुठे तो प्रश्न सुटला. तैलरंगातल्या गरुडावर अशी वेळ कधीच आली नसती. खरी वस्तू चित्रात आली की तिच्याबरोबर तिचे कायदे, तिचे किडे आणि तिचं कुजणंही येतं.

कुजणं हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. कोलाजमधला वर्तमानपत्राचा कपटा लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातल्या लिग्निनमुळे तो पिवळा पडतो, मग तपकिरी, मग ठिसूळ. रबर सिमेंट आधी छान धरतं आणि काही वर्षांनी सुटतं, जाताना कागदावर तपकिरी डाग ठेवून जातं. चिकटपट्टीचं तर नाव काढू नये. चकाकणाऱ्या व्हिनाइलमधून मऊपणा देणारं रसायन पाझरतं आणि ते शेजारच्या कागदाला चिकटतं. एपॉक्सी रेझिन पिवळं पडतं. तैलचित्र बऱ्यापैकी एकजीवाने म्हातारं होतं. मिश्र माध्यमात प्रत्येक तुकडा आपापल्या गतीने म्हातारा होतो, आणि एकाच चौकटीत चिरतरुण अॅक्रिलिक आणि नव्वदीला टेकलेला कागद शेजारी नांदतात. मोठ्या एकत्र कुटुंबासारखं, म्हणजे तक्रारीही तशाच.

माझ्या मनाला सगळ्यात जवळचे मात्र या कुटुंबातले थोडे कडेला पडलेले लोक. बेल्जियमची एव्हलिन अॅक्सेल घ्या. तिने कॅनव्हास सोडून पारदर्शक प्लॅस्टिकचे पत्रे कापले आणि त्यांवर गाड्यांना मारायचा एनॅमल रंग लावला. स्त्रीची शरीरं हिरवी, निळी, आरपार. १९७२ मध्ये ती मोटार अपघातात गेली. लंडनची पॉलीन बोटी रंगीत काचकाम शिकलेली. तिच्या कोलाजांत आणि चित्रांत काचेचे तुकडे शिशाने जोडावेत तसे सपाट रंग एकमेकांना टेकलेले दिसतात. मासिकांतल्या नट्या, नट, गुलाब, राजकारण सगळं एका जागी. १९६६ मध्ये वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती कर्करोगाने गेली आणि तिची बरीचशी चित्रं भावाच्या शेतावरच्या कोठारात पडून राहिली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती बाहेर आली तोवर ब्रिटिश पॉप आर्टचा इतिहास तिच्याविना लिहून झाला होता. तिचं १९६३ मधलं एक गाजलेलं चित्र आजही बेपत्ता आहे, फक्त छायाचित्रांत दिसतं. लिलावांच्या याद्या चाळताना प्रत्येक संग्राहकाच्या मनात असं एक बेपत्ता चित्र असतंच. आपल्याला ते सापडणार नाही हे पक्कं ठाऊक असतं, तरी पान उलटायचं थांबत नाही.

आणि केइची तानामी. जन्म टोकियोतला, १९३६ चा. लहानपणी हवाई हल्ले अनुभवलेला. आजोबांकडे मोठ्या डोळ्यांचे गोल्डफिश होते. रात्री आकाशातून सोडलेल्या ज्योतींचा उजेड टाकीच्या पाण्यावर पडायचा आणि त्यात ते मासे चमकायचे. पुढे आयुष्यभर त्याच्या चित्रांत गोल्डफिश येत राहिले, विमानांना दात आले, किरण फाकले, कोंबडे, सांगाडे, अमेरिकन कॉमिक्समधल्या बायका, सगळं एका मिरवणुकीत. ही चित्रं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काय धमाल आहे! त्याच्यामागे जळणारं शहर आहे हे कळल्यावर ती धमाल कमी होत नाही, पण तिच्याकडे बघताना आपण जरा सावरून बसतो. नंतरच्या त्याच्या कामांच्या माध्यमांची यादी वाचण्यासारखी असते. रंगद्रव्य, स्क्रीन प्रिंटचं अॅक्रिलिक माध्यम, काचेचा चुरा, चमकी, मासिकांची कात्रणं, अॅक्रिलिक रंग, हे सगळं एका कॅनव्हासवर. ऑगस्ट २०२४ मध्ये टोकियोत त्याचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन उघडलं आणि दोनच दिवसांनी तो गेला.

सायकेडेलिक म्हणजे गुंगी, रिकामा आनंद, फुलं आणि धूर, असं मानणाऱ्यांना मी तानामी दाखवते. तादानोरी योकोचं १९६५ मधलं पोस्टरही दाखवते. त्यात उगवत्या सूर्याच्या लाल-निळ्या किरणांपुढे स्वतः चित्रकार फासाला लटकलेला आहे, हातात गुलाब धरून. रंग भडक असले म्हणून मजकूर उथळ असतो असं नाही. उलट भयाला शोभतील असे रंग राखाडीच असावेत हा आग्रह मला फार सोपा वाटतो.

नशेचा प्रश्न टाळून मात्र चालणार नाही. हे सगळं एलएसडी या भास घडवणाऱ्या नशेच्या शेजारी वाढलं, हे खरंच आहे. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर १९६६ मध्ये त्यावर बंदी आली, म्हणजे पोस्टरांची लाट ऐन भरात येत होती तेव्हा. पण या शेजारधर्मावर सगळ्यात चतुर भाष्य फार नंतर फ्रेड टोमासेली या कॅलिफोर्नियात वाढलेल्या चित्रकाराने केलं. त्याने खऱ्या गोळ्या, पानं, पुस्तकांतून कापलेले पक्षी, फुलं, डोळे यांची बारीक नक्षी मांडली आणि वर पारदर्शक रेझिनचे थर ओतले. औषध आत आहे, पण कायमचं बंद. त्याच्या सांगण्यानुसार ते आता रक्तातून मेंदूत जात नाही, डोळ्यांतून जातं. ती चित्रं जवळून पाहिली की गोळी ही गोळी न राहता हाराचा मणी होते. माझ्या संग्रहात टोमासेली नाही आणि असणारही नाही, ती आवाक्याबाहेरची गोष्ट आहे. आवडतं ते सगळं जवळ असलंच पाहिजे ही सक्ती मी स्वतःला कधी केली नाही.

माझ्याकडे आहेत ते मुख्यतः आज काम करणाऱ्या, नाव फारसं न झालेल्या कलावंतांचे कोलाज आणि काही जुन्या पोस्टरांच्या नंतरच्या आवृत्त्या. हे विकत घेताना ‘मिश्र माध्यम’ या पाटीपासून सांभाळून राहावं लागतं. कारण ही पाटी हल्ली कशालाही लावतात. संगणकावर केलेलं चित्र कॅनव्हासवर छापायचं, त्यावर दोन ठिकाणी जाड जेल फासायचं, एका डोळ्यात चमकी टाकायची, की झालं मिश्र माध्यम. त्यात फसवणूक असतेच असं नाही, पण किंमत मूळ कामाची आणि वस्तू छापील, हे गणित मला पटत नाही. म्हणून खिशात भिंग असतं. छपाई ऑफसेट असेल तर भिंगाखाली ठिपक्यांच्या गुलाबासारख्या नक्ष्या दिसतात. स्क्रीन प्रिंटची शाई सलग आणि जाड असते, कडेला किंचित उंचवटा जाणवतो. इंकजेटचे ठिपके बारीक आणि विस्कळीत. मग टॉर्च आडवा धरायचा. खरा कोलाज असेल तर कागदाच्या कडेची सावली पडते, छापलेल्या कोलाजमध्ये सावलीही छापलेलीच असते आणि टॉर्च फिरवला तरी ती हलत नाही! हा क्षण मला अजूनही लहान मुलासारखा आवडतो, विक्रेत्याला तितकासा आवडत नाही.

जुन्या पोस्टरांत अडचण वेगळी. मागणी वाढली तशी तीच पोस्टर्स मूळ काढणाऱ्यांनीच पुन्हा पुन्हा छापली, त्यामुळे नंतरची प्रतही खोटी नसते, फक्त नंतरची असते. कार्यक्रमाआधी छापलेली आणि कार्यक्रमानंतर विकायला छापलेली यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक, आणि तो कळतो कागदाचा पोत, नेमका आकार आणि तळच्या बारीक अक्षरांवरून. मी पहिल्या आवृत्तीच्या मागे लागले नाही. पण या छपाईतली एक गोष्ट मला फार मोहवते. यंत्रातल्या शाईच्या एकाच तबकात दोन-तीन रंग शेजारी ओततात, रूळ फिरतो तसे ते कडेला एकमेकांत मिसळत जातात आणि कागदावर इंद्रधनुष्यासारखा उतार येतो. जसजशी छपाई पुढे जाते तसतशी मिसळण पसरते. त्यामुळे सुरुवातीची प्रत आणि शेवटची प्रत कधीच सारखी नसते. लंडनमध्ये मायकेल इंग्लिश आणि नायजेल वेमाउथ या जोडीने १९६७ च्या सुमाराला स्क्रीन प्रिंटमध्ये असेच विरघळते रंग आणि सोनेरी-चंदेरी शाया वापरल्या. मार्टिन शार्पने बॉब डिलनचं पोस्टर चकाकत्या सोनेरी कागदावर छापलं. ही कामं छायाचित्रात कधीच नीट येत नाहीत. पडद्यावर पाहून घेतली तर हातात आल्यावर हमखास वेगळी निघतात, बहुतेकदा चांगल्या अर्थाने.

पैशाबद्दल दोन शब्द, कारण संग्राहकांच्या गप्पांत तो विषय नेहमी दाराआड उभा असतो. रॉबर्ट स्कल हा न्यूयॉर्कचा टॅक्सींचा मालक, पॉप आर्टचा सुरुवातीचा मोठा खरेदीदार. १८ ऑक्टोबर १९७३ ला त्याने पन्नास कामं लिलावात काढली आणि बावीस लाख डॉलरहून जास्त मिळवले. त्यात रॉशेनबर्गचं एक काम होतं, नऊशे डॉलरला घेतलेलं, ते पंचाऐंशी हजारांना गेलं. रॉशेनबर्ग तिथे हजर होता. लिलाव संपल्यावर त्याने स्कलला गाठलं, ढकललं, आणि तुझ्या नफ्यासाठी मी राबलो अशा अर्थाचं सुनावलं. कलावंताला त्यातला एक डॉलरही मिळणार नव्हता. फ्रान्समध्ये पुनर्विक्रीतला वाटा कलावंताला देणारा कायदा १९२० पासून होता. या प्रकारानंतर अमेरिकेत त्याची मागणी जोर धरू लागली आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला. न्यायालयांनी पुढे तो जवळजवळ निकालात काढला, ती गोष्ट निराळी.

याच्या उलट टोकाला आयर्विंग ब्लम. १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या त्याच्या गॅलरीत वॉरहॉलचे सूपच्या डब्यांचे ३२ कॅनव्हास लागले, प्रत्येकी शंभर डॉलर. जेमतेम पाच-सहा जणांनी घ्यायची तयारी दाखवली. ब्लमला वाटलं हा संच फुटता कामा नये. त्याने विकलेले परत मिळवले आणि वॉरहॉलला हजार डॉलर हप्त्याहप्त्याने देऊन सगळा संच स्वतः ठेवला. १९९६ मध्ये तो म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेला तेव्हा किंमत दीड कोटी डॉलरच्या घरात होती. ब्लमचा फायदा स्कलपेक्षा कमी नव्हे. तरी मला ब्लम आवडतो, कारण चित्रांनी एकत्र राहायला हवं हे त्याने भाव चढायच्या कितीतरी आधी ओळखलं. यात माझा पक्षपात आहे, मान्य.

आणि कोरिटा केंट. लॉस एंजेलिसमधली कॅथलिक नन आणि कलाशिक्षिका. पावाच्या वेष्टनावरची, रस्त्यावरच्या पाट्यांवरची अक्षरं घेऊन, ती वाकवून, उलटी करून ती झळाळत्या रंगांत स्क्रीन प्रिंट करी. ते भरपूर छापी आणि स्वस्तात विकी, सामान्य माणसाला घेता यावेत म्हणून. दुर्मीळपणातून किंमत निर्माण करायची हा धंदा तिला करायचाच नव्हता. १९८५ मध्ये तिच्या इंद्रधनुषी पट्ट्यांचं अमेरिकन टपाल तिकीट निघालं, सत्तर कोटींहून जास्त प्रती. पॉप आर्टमधला ‘पॉप’ तिच्याइतका गंभीरपणे फार थोड्यांनी घेतला.

आता पुन्हा त्या उजेडाकडे, कारण रोजचा प्रश्न तोच आहे. कागदावरच्या कामांना संग्रहालयं साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड देत नाहीत. दिवसा खिडकीजवळ हजारो लक्स असतात. म्हणजे घरात भिंतीवर काही लावणं हा सरळसरळ खर्च आहे, आणि परत न मिळणारा. मी आळीपाळीने लावते. एक काम काही महिने भिंतीवर, मग बराच काळ खणात. अतिनील किरण अडवणारी काच, चित्र आणि काच यांच्यात अंतर, मागे अॅसिड-फ्री पुठ्ठा. चमकी किंवा सुटे कण असलेल्या कामावर अॅक्रिलिकचा पत्रा नको, त्यात स्थिर विद्युत साठते आणि कण उडून पत्र्याला चिकटतात. हे सगळं करूनही रंग जातोच, फक्त सावकाश.

हार्वर्ड विद्यापीठातल्या, मार्क रोथ्को या चित्रकाराच्या भित्तिचित्रांचं उदाहरण या बाबतीत डोक्यातून जात नाही. भोजनकक्षात उन्हाला लागून त्यांचा किरमिजी उडाला होता. १९७९ मध्ये ती उतरवून ठेवली. २०१४ मध्ये ती पुन्हा मांडली तेव्हा चित्रांना ब्रशही न लावता प्रोजेक्टरने त्यांच्यावर नेमका हरवलेला रंग प्रकाशातून टाकला. रोज दुपारी ठरावीक वेळी प्रोजेक्टर बंद करत आणि लोक फिकट चित्रं पाहायला थांबत. मला वाटतं मी त्या दुपारच्या वेळीच गेले असते. मूळ रंग कसा होता हे कळणं आणि त्याचं काय झालं हे कळणं, या दोन्हींत मला दुसऱ्याची ओढ जास्त.

म्हणून हल्ली नवं काम घेताना कलावंताला एक कागद भरून मागते. कोणता कागद, कोणता गोंद, कोणता रंग, कोणत्या कंपनीचा, वर काय फवारलं. काही जण वैतागतात. एकाने नुसतं ‘जे घरात होतं ते’ असं लिहून दिलं आणि ते बहुधा शब्दशः खरं असावं. शेवटचा प्रश्न असतो, रंग उडाला तर काय करावं? इथे मात्र सगळे थबकतात. कुणी म्हणतं, तोच रंग पुन्हा लावा. कुणी म्हणतं, हातही लावू नका. अलीकडेच एका तरुण चित्रकर्तीकडून मोठा कोलाज घेतला, जुन्या कापडांचे तुकडे, शिवणयंत्राचे टाके, फ्लुरोसंट पिवळा आणि त्यावर नखाने ओरखडलेले डोळे. तिने तो प्रश्न बराच वेळ तसाच ठेवला होता. मग पाठवलेल्या कागदावर तिरक्या अक्षरात उत्तर होतं: ‘ताई, उडाला तर उडालेलं चित्र म्हणून बघा. नाहीच बघवलं तर मला फोन करा. तेव्हा मला पिवळा आवडत असेल तर येईन.’